झाकणांचा आवाज

“आज नको विचारूस. आज झाकणं वाजतायत.”

माझी मुलगी तिच्या धाकट्या भावाला हे सांगत होती. पॅसेजमधून, दबक्या आवाजात. मी ओट्यापाशी होते. मिक्सर नुकताच बंद केला होता म्हणून कानावर पडलं. हातात डब्याचं झाकण होतं. स्टीलचं, कडेला जरासं चेपलेलं. ते नीट बसत नाही म्हणून तळहाताने ठोकून बसवावं लागतं, अशी मी इतकी वर्षं माझी समजूत करून घेतली होती. ते तसंच हातात धरून उभी राहिले. पोरांची पावलं आतल्या खोलीत गेली, दार हलकेच लोटलं गेलं. पुढे पंधराएक दिवसांनी मुलाचं दप्तर धुवायला काढलं, तेव्हा तळाशी घडी घातलेला एक कागद निघाला. शाळेच्या सहलीचा फॉर्म. पालकांच्या सहीची जागा कोरी. सहल होऊन चार दिवस झाले होते. त्या दिवशी सहलीला न गेलेल्या मुलांबरोबर तो दुसऱ्या कुठल्यातरी वर्गात बसला होता आणि नेहमीच्या वेळेला, डबा संपवून घरी आला होता. मी विचारलं, “सही का नाही मागितलीस?” तो म्हणाला, “रोजच वाजत होती ना.” त्यात तक्रार नव्हती. पाऊस होता म्हणून खेळायला गेलो नाही, असं मुलं सांगतात ना, तसं.

तेव्हापासून मी माझ्याच घरातले आवाज ऐकत असते.

मी चिडत नाही, अशी माझी ख्याती आहे. ऑफिसात आहे, सासरी आहे, डोंबिवलीच्या लोकलमध्ये रोज भेटणाऱ्या बायकांतही आहे. चौथ्या सीटवरून भांडण जुंपलं की कुणीतरी मलाच मध्ये घालतं. मुलांवर मी आजवर हात उगारलेला नाही, आवाजही चढवलेला नाही. मला त्याचा अभिमान होता, आणि तो आयता आलेला नव्हता. आठ-नऊ वर्षांची असताना चाळीच्या गॅलरीत बसून मी मनाशी ठरवलं होतं की मोठी झाल्यावर आपण कुणावर ओरडायचं नाही. ते मी अक्षरशः पाळलं. म्हणूनच सहलीच्या फॉर्मने मला आतून हलवलं. मी पाळलेला शब्द आणि माझ्या मुलाने दप्तरात लपवलेला कागद, हे दोन्ही एकाच घरात होते.

त्याच्या थोडं आधी मी दातांच्या डॉक्टरांकडे गेले होते. जबडा दुखायचा, सकाळी उठल्यावर तोंड पूर्ण उघडायचं नाही. डॉक्टर तरुण मुलगी होती. आरसा तोंडात घालून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “मावशी, रात्री दात खाता का हो तुम्ही? दाढा पार सपाट झाल्यात.” मग कसला राग, कसली काळजी आहे का, असंही तिने विचारलं. मी तोंड उघडं ठेवूनच मान हलवली. नाही. तिने रात्री दातांवर चढवायचं एक पारदर्शक कवच करून दिलं. ती प्लास्टिकची डबी उशाशी ठेवून मी झोपू लागले. दात खाणं हे झोपेतलंही असतं आणि रागातलंही, दोन्हींना आपल्याकडे शब्द एकच आहे, हे माझ्या लक्षात यायला झाकणांचं ते वाक्य ऐकावं लागलं.

माझे वडील गिरणीत साचे खात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर होते. लालबागला दहा बाय बाराची खोली. बाहेर लाकडी गॅलरी, टोकाला सामायिक नळ आणि संडास. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की काही वेळाने जिन्यावर पावलं वाजायची, आणि मग यायचा तो आवाज, ज्यावर आमची संध्याकाळ ठरे. चपला काढण्याचा. एकेक करून काढल्या, भिंतीशी लावल्या, तर ठीक. दोन्ही एकदम भिरकावल्या आणि भिंतीवर आदळल्या, की मी पाटी घेऊन पोटमाळ्यावर, धाकटा भाऊ शेजारच्या काकूंच्या खोलीत. आम्हाला हे कुणी शिकवलं नव्हतं. कुत्र्या-मांजरांना भूकंप आधी कळतो म्हणतात, तसं आम्हाला कळायचं. अण्णांचा आवाज तीन खोल्यांपलीकडे जायचा. चांगल्या मूडमध्ये असले, तरी तितकाच जायचा.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी दुसरीत होते. अडीच लाख माणसं घरी बसली, गिरणगावाचा भोंगा गेला, पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. मला लक्षात आहे ती दुपार. भर दुपारी अण्णा घरात असणं हेच तेव्हा नवीन होतं. सुरुवातीला ते सभांना जायचे, हिरीरीने बोलायचे. तो राग वेगळा होता. त्यात मान ताठ असायची, चाळीतली चार माणसं भोवती जमायची, आणि मला ते आवडायचे. सहा महिन्यांनी तो राग आंबला. ते सभेला जाईनासे झाले, गावी खटावकडे गेले, तिथे कोरडवाहू तुकड्यात दोघा भावांचं भागेना म्हणून परत आले. त्यांचा ज्यांच्यावर राग होता ती माणसं त्यांना कधी दिसणारच नव्हती. समोर आम्ही होतो.

एका रात्री आमटी पातळ झाली होती. डाळच तेवढी होती. अण्णांनी ताट भिरकावलं. भिंतीला लागून ते जमिनीवर कडेवर पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं. पितळी ताट होतं. आधी मोठ्या फेऱ्या, मग लहान, मग अगदी जमिनीलगत थरथरत, आणि मग एकदम गप्प. तेवढा वेळ खोलीत कुणी श्वास घेतला नसावा. आई उठली. तिने भिंतीवरची शितं वेचली, एकेक करून, चिमटीत. जमिनीवरची वेचली. ओल्या फडक्याने पुसून घेतलं. ते ताट घासून परत फडताळात उभं केलं. एक शब्द बोलली नाही. पुढचे अकरा दिवसही बोलली नाही. मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर पेन्सिलीने टिंबं दिली होती म्हणून आकडा ठाऊक आहे. “अण्णांना सांग, पाणी आलंय.” “आईला सांग, मी बाहेर जातोय.” चार हातांच्या खोलीत मी निरोप पोचवत असे.

आई तेव्हा ऑफिसांतल्या लोकांचे डबे करायला लागली होती. चौदा डबे, पहाटे चारपासून. आमची झोप चालू असताना कोपऱ्यात स्टोव्ह फरफरायचा, पोळ्यांचा वास यायचा, आणि शेवटी झाकणं लागायची. टक. टक. टक. एकेक डबा मांडीत धरून ती मुठीने झाकण ठोकायची. अबोल्याच्या दिवसांत तो आवाज जास्त कोरडा असायचा. मी गोधडीत पडून मोजायचे. चौदा झाले की उठायचं.

हे मी गेल्या वर्षापर्यंत विसरले होते. अण्णांचा राग मला पाठ होता, त्याची वही भरली असती. आईकडे राग असतो हेच माझ्या गावी नव्हतं. आई सोशिक होती, घर तिने ओढलं होतं, असं मी सगळ्यांना सांगत आले. आयुष्यभर मी एका दाराला अडसर लावून बसले आणि राग दुसऱ्या दाराने माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. आईच्या हाताने.

रागाला आपल्याकडे शब्दांची वाण नाही. गावाकडची आजी त्रागा करायची. मनासारखं झालं नाही की दोन दिवस अन्नाला शिवायची नाही, कपाळ बडवून घ्यायची. चुलत्यांनी बांधावरून डूख धरला होता तो वीस वर्षं. वीतभर जमीन, पण भावाच्या मयताला आले ते बांधावरच उभे राहिले. ऑफिसात एक सहकारी आहेत, त्यांचा सगळा राग चिमट्यांतून निघतो, हसत हसत असं बोलतात की घरी गेल्यावर टोचतं. मावशी सतत वैतागलेली असायची, दोष कधी उन्हाचा, कधी कामवालीचा. पुढे थायरॉइड निघाला, गोळी सुरू झाल्यावर माणूस बदलल्यासारखी शांत झाली, आणि इतकी वर्षं आपण तिला खाष्ट म्हणत आलो याचं आम्हा सगळ्यांना वाईट वाटलं. चीड, संताप, तिडीक, धुसफूस, चरफड, जळफळाट, रुसवा, आकस. एवढे शब्द आहेत, पण समोरचा रागावला की आपण सगळ्यांना एकच सांगतो, शांत हो. कुठला आहे, कशाचा आहे, कुठून आलाय, हे विचारत नाही. बायकांना तर तेही सांगायची वेळ येत नाही, कारण त्या शांतच दिसतात.

समुपदेशनाला जायचं मी ठरवलं ते फॉर्म सापडल्यावर. ठरवून जायला दोन महिने लागले. ठाण्याला उतरायचे, रिक्षाच्या रांगेपर्यंत जायचे आणि परत फिरायचे, असं दोनदा झालं. लोक काय म्हणतील याची मला तितकी भीती नव्हती. तिथे जाऊन सांगायचं काय, हा प्रश्न होता. मारहाण नाही, दारू नाही, खायला-प्यायला आहे. झाकणं वाजतात, यासाठी कुणी पैसे भरून जातं का?

बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी आधी झोप विचारली, पाळी विचारली, रक्त तपासून थायरॉइड आणि हिमोग्लोबिन बघून यायला सांगितलं. चाळिशी-पन्नाशीत शरीर बदलतं तेव्हा चिडचिड त्यातूनही येते, उदासीतूनही येते, आधी ते बघू म्हणाल्या. मुलांच्या बाबतीत तर उदासी पुष्कळदा रडण्याऐवजी चिडचिडीच्याच रूपात दिसते, हेही त्यांनी सांगितलं, आणि मला अख्ख्या चाळीतली पोरं आठवली. मग एक वही करायला लावली. राग आला असं लिहायचं नाही. काय घडलं, शरीरात काय झालं, आणि त्या क्षणी मी स्वतःशी कुठलं वाक्य बोलले, एवढंच. पहिले आठ दिवस वही कोरी. मला राग आलाच नव्हता. बाई म्हणाल्या, “बरं, मग झाकण वाजलं की लिहा.” दुसऱ्या आठवड्यात नऊ पानं भरली.

वाक्यं बघून माझी मलाच लाज वाटली. ‘यांना आपणहून कळायलाच हवं.’ ‘मीच का उठायचं?’ ‘एवढं केल्यावर कुणीतरी विचारायलाच पाहिजे.’ बाईंनी लाल पेनने प्रत्येक ‘च’ला गोल केला. अमेरिकेत अल्बर्ट एलिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५५ च्या सुमारास एक उपचारपद्धती सुरू केली. त्याचं म्हणणं असं की प्रसंग आपल्याला पेटवत नाही, प्रसंगाकडे बघताना आपण जो हट्ट धरतो तो पेटवतो. मराठीत तो हट्ट एका अक्षरात बसलेला असतो. “विचारलं तर बरं वाटेल” आणि “विचारायलाच हवं”, दोन्ही वाक्यं मोठ्याने म्हणून बघा, बाई म्हणाल्या. म्हटली. दुसऱ्या वाक्याला माझा जबडा आवळला. मला तो जाणवला.

पण मी त्यांच्याशी भांडलेही. म्हणजे माझ्या परीने, खालच्या आवाजात. म्हटलं, माझ्या बापाची गिरणी गेली, ती काय त्यांच्या हट्टाने गेली? अडीच लाख माणसांनी ‘च’ काढून टाकला असता तर भाकरी मिळाली असती? बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, सभेतला राग तुम्हाला आवडायचा, असं तुम्हीच सांगितलंत. तो काढून टाका असं कोण म्हणतंय? ताटावर निघालेला वेगळा. हे उत्तर मला पूर्ण पटलेलं नाही, आजही. दोन्ही राग एकाच माणसाचे होते, एकाच पोटातून आलेले. एकाला जायला वाट होती तोवर दुसरा जन्मला नव्हता, एवढं मात्र खरं.

अण्णांबद्दल आणखी एक गोष्ट आहे. २००९ मध्ये ते गेले, त्याच्या दोन वर्षं आधी आम्ही त्यांचे कान तपासून घेतले होते. डॉक्टरांनी विचारलं, काम कुठे करायचे? साच्यांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहिलेल्या माणसांचे कान असेच जातात. तिथे शेजारच्याशी बोलायचं तर ओठ वाचायचे, हातवारे करायचे, नाहीतर ओरडायचं. तपासणीच्या त्या काचेच्या खोलीत अण्णा कानाला मोठे हेडफोन लावून बसले होते, आवाज आला की बोट वर करायचं होतं, आणि बोट वर होत नव्हतं. मी काचेबाहेर उभी होते. ज्या आवाजाला आम्ही जन्मभर घाबरलो, तो निम्मा तरी त्यांना स्वतःला ऐकूच येत नसावा. हे कळल्यावर मला रडू आलं. ताट मात्र त्यांनी फेकलंच होतं. ते कानांमुळे नव्हतं. दोन्ही गोष्टी मी आता शेजारी शेजारी ठेवल्या आहेत, एकीने दुसरी पुसायला जात नाही.

अण्णांचा आवाज उचलला तो भावाने. एका दिवाळीत त्याने शोकेसची काच मुठीने फोडली, हाताला सात टाके पडले. त्याच्या आदल्या आठवड्यात त्याने वहिनीला ढकललं होतं, हे तिने मला त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर सांगितलं. मी आयुष्यभर केलं तेच करायला निघाले होते, त्याची समजूत घालायला, तिला चार दिवस सांभाळून घे म्हणायला. बाईंना फोन केला तर त्यांनी मला तिथेच थांबवलं. हात उचलला गेला असेल तर आधी वहिनी आणि मुलं सुरक्षित, मग बाकी सगळं. दोघांना एकत्र बसवून समेट घडवायची ती वेळ नाही. वहिनी मुलांना घेऊन माझ्याकडे आली, दीड महिना राहिली. भाऊ “मी काय वेडा आहे?” म्हणत होता. एका रात्री दोन वाजता त्याने स्वतःहून १४४१६ लावला, सरकारची ती टेली-मानस सेवा, फुकट असते, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मीच तो नंबर त्याला पाठवला होता, त्याने तेव्हा उत्तरही दिलं नव्हतं. काय बोलला ते मी विचारलेलं नाही. पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे गेला. तीन-चार तासांची झोप, रोज संध्याकाळची दारू, आणि त्याखाली बरंच काही. औषध चालू आहे, दारू सुटतेय, परत धरतेय. वहिनी परत गेली ती स्वतःच्या अटींवर, आणि तिची बॅग अजून माझ्या कपाटावर आहे. ती तिथेच राहू दे, असं मी तिला सांगितलंय.

माझं दुखणं त्या मानाने लहान वाटेल. सासूबाई अंथरुणाला आहेत, तीन वर्षं झाली. रात्री दोनदा उठावं लागतं. ते मी करायचं, हे कुणीही ठरवलं नव्हतं, म्हणूनच कुणाशी बोलायची सोय नव्हती. “काय झालं?” “काही नाही.” आमच्या घरात सर्वांत जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य हेच असेल. एका रविवारी जेवण झाल्यावर मी ह्यांना म्हटलं, “गुरुवार आणि शुक्रवार रात्री तुम्ही आईंजवळ झोपा. मला झोप हवी आहे.” साधं वाक्य होतं, बाईंसमोर चार वेळा म्हणून पाहिलेलं. तरी हात थरथरत होते, ते मी मांडीखाली घातले. हे म्हणाले, “अगं, मग आधी सांगायचंस ना.” आणि खरं सांगते, तीन वर्षांत आला नव्हता एवढा राग मला त्या वाक्याने आला. इतकं सोपं होतं? मग मी एवढी वर्षं काय ओढत होते? तो राग मी वहीत लिहिला, दोन पानं. हे गुरुवारी झोपायला गेले. त्या रात्री मला झोप लागली नाही, आईंच्या खोलीतला प्रत्येक आवाज ऐकत पडले होते.

लहानपणी आई एक गोष्ट सांगायची. ज्ञानेश्वरांनी रागाने झोपडीची ताटी लावून घेतली आणि धाकटी मुक्ताई बाहेर उभी राहून विनवत राहिली. परवा ती गोष्ट आठवली आणि मनात आलं, वाळीत तर मुक्ताईलाही टाकलं होतं. लोकांचं बोलणं तिनेही ऐकलं होतं. वयाने सगळ्यांत लहान, आणि तरी ती दाराबाहेर उभी राहून समजावतेय. तिला राग आला तेव्हा ती कुठे गेली असेल?

गेल्या महिन्यात आई माझ्याकडे राहायला आली. आता पंचाहत्तरीला टेकली आहे, गुडघे दुखतात, तरी पहाटे उठतेच. एका सकाळी साडेपाचला मला जाग आली. टक. टक. मला वाटलं, स्वप्न आहे. उठून गेले तर ती ओट्यापाशी स्टुलावर बसून मुलांचे डबे भरत होती, आणि ते चेपलेलं झाकण मुठीने ठोकत होती. मी दारातच थांबले. पूर्वी जशी गोधडीतून ऐकायचे तशी.

“आई, कुणाचा राग आलाय?”

“मला? कुणाचा न्हाई बाई. राग करायला येळ कुठं व्हता?”

मी तिच्याशेजारी खाली बसले. चहा टाकला नाही, दिवा लावला नाही. बाहेर लोकल गेल्यासारखा आवाज आला. तिने दुसरा डबा घेतला, पोळ्या घातल्या, भाजी घातली. झाकण हातात घेऊन बसली.

“त्ये ताट,” ती म्हणाली. “अजून फिरतंय बघ कानात.”

मी काही बोलले नाही. तिने झाकण डब्यावर ठेवलं, ठोकलं नाही, नुसता हात ठेवून बसली. मग म्हणाली, “येवढं वर्स त्यांनी येकदा तरी म्हणायला पाह्यजे व्हतं.” आत माझा मुलगा उठल्याची चाहूल लागली. तो स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आला, कानोसा घेतल्यासारखा थबकला, आणि आम्हा दोघींना अंधारात बसलेलं बघून विचारलं, “काय झालं?”

“आजीला राग आलाय,” मी म्हटलं. “जुना आहे. ये, बस.”